नवव्या पायरीच्या पुढे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या ओसरीवर रोज दुपार कलली की मुलांची एक बैठक जमत असे. मुंबईहून आलेल्या आमच्या भाच्याने एका परदेशी खेळाच्या जुन्या नियमपुस्तिका बरोबर आणल्या होत्या. कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे एवढेच काय ते साहित्य. सुटी अर्धी सरल्यावर शेजारचा एक मुलगा या बैठकीत येऊन बसला. तोवर बाकीच्यांचे योद्धे सहाव्या पायरीला पोहोचले होते, आणि नियमाप्रमाणे या नव्या गड्याला पहिल्या पायरीपासून आरंभ करावयाचा होता. "हा आम्हांला कधी गाठणार?" असे म्हणून मुले हसली. नवा मुलगा काही बोलला नाही. पण त्याचे तोंड उतरले. त्यावर आणखी एकाने तोड सुचविली, "त्यापेक्षा आपण सगळेच एकदम शेवटच्या पायरीपासून सुरू करू या!"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आम्ही उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. मुलांच्या या दोन उद्गारांनी आमचे लक्ष उत्तरपत्रिकांवरून उडाले. उशिरा आलेला मागेच राहतो काय? आणि शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर असते तरी काय? दोन्ही प्रश्न खेळापुरते नाहीत. त्या पुस्तिका आम्ही मागून घेतल्या व चार रात्री वाचल्या. त्यांत जे आढळले ते येथे मांडीत आहो.

खेळाचे स्वरूप

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला व १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती.

खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. तो गुहा, किल्ले, अरण्ये व त्यांतील राक्षस यांचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक, कोणी चोर. आपले पात्र काय करील ते खेळाडूने तोंडाने सांगावयाचे, आणि ते साधेल की फसेल हे फाशाने ठरवावयाचे. आपल्या जुन्या मोक्षपटातही शिड्या असतात. परंतु तेथे सोंगटी वर चढते ती केवळ दानाच्या जोरावर. येथे दानाला स्थान आहे, पण पायरी चढावयाची ती मिळविलेल्या अनुभवाने.

हा अनुभव गुणांत मोजतात. राक्षसांना हरविल्याबद्दल काही गुण मिळतात. जुन्या नियमांत गुहेतून सुखरूप आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे एक गुण धरला जाई. एका मोहिमेचे गुण तीतून जिवंत परतलेल्यांत सारखे वाटावयाचे. पुढे चालणारा बलवान आणि मागे कंदील धरणारा दुबळा यांच्या वाट्यांत भेद नाही. ही समान वाटणी ध्यानात ठेवावी; पुढील सारे गणित तिच्यावर उभे आहे.

दुपटीची शिडी

भाच्याजवळच्या पुस्तिका १९८३ पासून निघालेल्या मालेतील होत्या. तीत योद्ध्याला चढण्यासाठी एकूण किती गुण लागतात ते असे:

दुसरी पायरी: २,०००
तिसरी पायरी: ४,०००
चौथी पायरी: ८,०००
पाचवी पायरी: १६,०००
सहावी पायरी: ३२,०००
सातवी पायरी: ६४,०००
आठवी पायरी: १,२०,०००
नववी पायरी: २,४०,०००

गणिताच्या तासाला आपण भूमितिश्रेणी शिकलो, तीच येथे उभी आहे. सातव्या पायरीपर्यंत प्रत्येक संख्या मागचीच्या दुप्पट आहे. आठव्या ठिकाणी १,२८,००० ऐवजी १,२०,००० अशी थोडी सूट दिली, आणि नंतर पुन्हा दुप्पट केली. या दुपटीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाचव्या पायरीवरच्या योद्ध्याने आरंभापासून आजवर १६,००० गुण मिळविले आहेत. सहावी गाठण्यास त्याला आणखी १६,००० हवेत. म्हणजे आजवर जेवढे केले तेवढेच पुन्हा एकदा करावयाचे, तेव्हा कोठे एक पायरी वर जावयाचे.

प्रथमदर्शनी हा नियम कठोर भासतो. परंतु उशिरा आलेल्याच्या बाजूने पाहा. बाकीचे सहाव्या पायरीवर, म्हणजे ३२,००० गुणांवर उभे आहेत आणि नवा गडी शून्यावर. प्रत्येक मोहिमेत प्रत्येकाच्या वाट्याला २,००० गुण येतात असे धरू. पहिल्या मोहिमेनंतर नवा गडी दुसऱ्या पायरीवर जाईल, दुसरीनंतर तिसऱ्या, चौथीनंतर चौथ्या, आठवीनंतर पाचव्या आणि सोळावीनंतर सहाव्या. सोळा मोहिमांत जुन्या गड्यांनीही ३२,००० गुण मिळविले. त्यांची बेरीज ६४,००० झाली आणि ते सातव्या पायरीवर पोहोचले. म्हणजे प्रारंभी जे पाच पायऱ्यांचे अंतर दिसत होते, ते आता अवघ्या एका पायरीचे उरले.

गुणांतील अंतर मात्र ३२,००० होते तेवढेच राहिले, हे विसरू नये. कोणाचे काही काढून कोणाला दिलेले नाही. शिडीची रचनाच अशी की खालच्या पायऱ्या जवळजवळ आहेत आणि वरच्या दूरदूर. त्यामुळे मागून येणारा झपाट्याने चढतो. अट एकच: सोबत्यांनी त्याला बरोबर घेतले पाहिजे, आणि गुहेत त्याचा जीव सांभाळला पाहिजे. पहिल्या पायरीवरील योद्ध्याचे प्राणबळ एका अष्टफलकी फाशाएवढे, म्हणजे साधारणतः फार तर आठ. सहाव्या पायरीच्या लोकांना साजेशा राक्षसाचा एक तडाखा त्याला पुरा होतो.

हे गणित आम्ही ओसरीच्या पायरीवर खडूने मांडून दाखविले. मुले हसावयाची थांबली. त्यानंतरच्या मोहिमांत नव्या गड्याला मध्ये घेऊन चालण्याचा क्रम त्यांनी आपण होऊन ठरविला.

नववी पायरी

आता दुसरा प्रश्न. वरच्या पायऱ्यांवर काय असते?

नवव्या पायरीनंतर दुपटीचा नियम अकस्मात थांबतो. तेथून पुढे दर पायरीला सरसकट १,२०,००० गुण. याप्रमाणे छत्तिसाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीला एकूण ३४,८०,००० गुण लागतात. दुपटीचा नियम तसाच चालू ठेवला असता तर काय झाले असते? २,४०,००० ची सत्तावीस वेळा दुप्पट करून पाहा. उत्तर बत्तीस लक्ष कोटींच्याही वर जाते. साऱ्या आयुष्यात कोणाला ते साधावयाचे नाही. बुद्धिबळाच्या पटावर घराघरांतून दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच आहे. दुप्पट हा शब्द बोलावयास सोपा, पण निभावण्यास फार अवघड.

परंतु नववीनंतर आणखीही एक गोष्ट थांबते. तोपर्यंत दर पायरीला योद्धा एक अष्टफलकी फासा टाकतो आणि जितके दान पडेल तितके त्याचे प्राणबळ वाढते. सरासरी साडेचार धरली तर नऊ पायऱ्यांत साडेचाळीस होते. दहावीपासून फासा बंद! पुढे दर पायरीला ठराविक दोन; म्हणजे सत्तावीस पायऱ्यांत मिळून चौपन्न. पहिलीवरून दुसरीवर जाताना २,००० गुणांत जे सरासरी साडेचारचे बळ मिळत होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी बळासाठी आता १,२०,००० गुण खर्ची पडतात. लढण्याचे कौशल्य आणि मांत्रिकांचे मंत्र पुढेही वाढतात, नाही असे नाही. पण देहाची वाढ येथे जवळजवळ पुरी झाली.

मग नियमकर्त्यांनी योद्ध्याला नवव्या पायरीवर दिले काय? त्यांनी त्याला जमीन दिली. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत प्रत्येक पायरीला एक पदवी होती. चौथ्या पायरीवरचा योद्धा 'हीरो', आठवीवरचा 'सुपरहीरो' आणि नववीवरचा 'लॉर्ड', म्हणजे भूमीचा धनी. यांतील पहिल्या दोन पदव्या १९७१ च्या 'चेनमेल' नावाच्या युद्धखेळातून आल्या. तेथे हीरो म्हणजे चार सैनिकांच्या बरोबरीने लढणारा एक, आणि सुपरहीरो त्याच्या दुप्पट. 'लॉर्ड' ही पदवी मात्र निराळ्या जातीची आहे. तीत किती सैनिकांच्या बळाचा हा हिशेब नाही. किती लोक त्याच्या आश्रयाला आहेत हा आहे.

किल्ला बांधण्याचे नियम वाचताना आम्हांस मौज वाटली. आधी तो मुलूख राक्षसांपासून मुक्त करावयाचा. मग बांधणीसाठी स्थापत्यविशारद नेमावयाचा. खर्चाच्या दर १,००,००० मुद्रांमागे एक. बांधकाम दिवसाला ५०० मुद्रांच्या गतीने चालते. साठ फूट चौरस व ऐंशी फूट उंच असा मुख्य बुरूज ७५,००० मुद्रांना पडतो. म्हणजे तेवढ्यालाच १५० दिवस हवेत. ज्याने कालपर्यंत एका घावात राक्षस लोळविला, त्याला आज पाच महिने गवंड्यांच्या कामाकडे पाहत थांबावे लागते. १९८४ साली निघालेल्या पुढील भागात तर राज्यकारभाराचाच अध्याय आहे. करवसुली, वस्तीची वाढ, प्रजेचा राजावरील विश्वास, यांचे सारे कोष्टक तेथे मांडलेले आहे. प्रजेचा विश्वास ढळला तर तलवारीची धार उपयोगी पडत नाही.

तात्पर्य, खालच्या पायऱ्यांवर प्रश्न असतो, 'मी जगेन कसा?' मधल्या पायऱ्यांवर, 'मी जिंकेन कसा?' आणि नवव्या पायरीच्या पुढे, 'माझ्या आधारावर असलेल्यांचे काय?' बळाची वाढ मंदावते आणि भाराची वाढ सुरू होते. नियमकर्त्यांनी हे मुद्दाम केले की हिशेब जुळविताना आपोआप घडले, हा वाद बाजूस ठेवला तरी शिडी उभी राहिली ती अशी.

शिखरावरची जागा

वरच्या पायऱ्यांवर जागाही थोडी असते. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमग्रंथात 'ड्रुइड' नावाच्या अरण्यपूजक पुरोहितांचा वर्ग आहे. त्यांच्या बाराव्या पायरीवर जगात केवळ नऊ जण असू शकतात, तेराव्यावर तीन आणि चौदाव्यावर एक. वर जावयाचे तर त्या स्थानी असलेल्याला द्वंद्वात हरवावे लागते. आणि जो हरतो तो खालच्या पायरीच्या अगदी आरंभाला जातो. नऊ, तीन, एक ही देखील भूमितिश्रेणीच, परंतु उतरती. येथे केवळ गुण साठवून भागत नाही.

याहून निराळी वाट १९८३ च्या मालेच्या शेवटच्या भागात आहे. हा भाग १९८६ साली निघाला. छत्तीस पायऱ्यांचा मर्त्य जन्म संपवून पात्राने अमरत्व मिळविले, की अमरांतही पुन्हा श्रेणी आहेतच. त्यांतील सर्वोच्च श्रेणीला पोहोचलेल्याला एकच मार्ग उरतो. त्याने आपण होऊन सर्व सामर्थ्य टाकावयाचे, पहिल्या पायरीचा सामान्य मर्त्य म्हणून पुन्हा आरंभ करावयाचा, आणि तीच सारी वाट दुसऱ्यांदा चढावयाची. ती पुरी झाली तर खेळ खऱ्या अर्थाने जिंकला. शिडीचे शेवटचे टोक पुन्हा पहिल्या पायरीला आणून टेकविणाऱ्याची दृष्टी आम्हांस थोर वाटली.

नव्या शिड्या

पुढे खेळाचे नियम अनेकदा पालटले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दुपटीचा नियम काढून सोपी रीत आणली: ज्या पायरीवर आहात तिच्या अंकाला हजाराने गुणा, तेवढे गुण मिळवा आणि पुढे जा. पहिलीवरून दुसरीला १,०००, दुसरीवरून तिसरीला आणखी २,०००, याप्रमाणे. विसाव्या पायरीला एकूण किती? एक ते एकोणीस या अंकांची बेरीज १९०, म्हणून १,९०,०००. ही गणितश्रेणी होय. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या पायरीला केवळ ३०० गुण लागतात आणि विसाव्याला ३,५५,०००. या कोष्टकात एक गंमत आहे. दहावीवरून अकरावीला जाण्यास २१,००० गुण हवेत. पण अकरावीवरून बारावीला १५,००० च पुरतात! शिडी नेहमी वर जाताना अवघडच होत जाते असे नाही. मध्येच एखादी पायरी सोपीही लागते. अर्थात शाळेतल्या अकरावी-बारावीला हा नियम लागू नाही, हे सांगावयास नकोच.

या नव्या नियमांत किल्ला आणि प्रजा यांचे महत्त्व पूर्वीइतके राहिले नाही. वरच्या पायऱ्यांवर भर राहिला तो मुख्यतः नवनव्या सामर्थ्यांवर. त्यामुळे खेळाचा झपाटा वाढला. पण सूत्रधाराचे काम जड झाले. क्षणात कोठेही जाणाऱ्या आणि मेलेल्यांना उठविणाऱ्या पात्रांपुढे संकट तरी कोणते उभे करावयाचे? अनेक मंडळांचा खेळ विसाव्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. कोणी परगावी जातो, कोणाची परीक्षा येते, आणि सहावी-सातवी पायरी चढलेले योद्धे वहीच्या पानांत तसेच उभे राहतात.

आमच्या ओसरीवर काय झाले

एकदम शेवटच्या पायरीपासून आरंभ करण्याचा प्रयोगही मुलांनी एका सायंकाळी केला. प्रत्येकाला छत्तिसाव्या पायरीचे पात्र मिळाले. किल्ले, मंत्र आणि शस्त्रे यांच्या याद्या लिहिण्यातच दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी सूत्रधाराने विचारले, "तुझ्या किल्ल्याचे नाव काय? तो बांधला कोणी?" योद्ध्याला सांगता येईना. मांत्रिकाला आपल्याजवळ कोणता मंत्र आहे हे दर वेळी यादीत शोधावे लागे. त्यांचा हात खाली पडला नव्हता, ते हरलेही नव्हते. तरी तिसऱ्या दिवशी त्या वह्या कोणी उघडल्या नाहीत. सहाव्या पायरीच्या फाटक्या वह्या मात्र पुन्हा बाहेर निघाल्या. कोणत्या गुहेत कोणाचा जीव थोडक्यात वाचला, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते.

सुटी संपली तेव्हा जुने गडी अजून सहाव्याच पायरीवर होते, आणि उशिरा आलेला पाचवीवर.

येथे थोडे आमच्याविषयी सांगणे भाग आहे. आमच्या घरची भाषा कोकणी. मराठी शाळेत आम्ही इतरांहून उशिरा, पाचवीच्या वर्गात दाखल झालो. वाचताना आमचे उच्चार ऐकून वर्ग हसे. आम्हांला कोणी जास्तीचे गुण दिले नाहीत, आणि ते द्यावयासही नको होते. पण बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांनी आपल्या वह्या आमच्यापुढे उघड्या ठेवल्या आणि खेळात आम्हांला मध्ये घेतले. त्या दोघांच्या अभ्यासात त्यामुळे काडीचेही उणे झाले नाही. आज आम्ही मराठीतून शिकवितो, आणि हा लेखही मराठीतून लिहितो. ओसरीवरचा मुलगा मान खाली घालून बसला तेव्हा आम्हांला आठवले ते हेच.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे वर्गात पुढे आहेत त्यांना आम्ही एवढेच सांगू की, नवव्या पायरीनंतर आपल्या बळाचा हिशेब थोडा मागे ठेवावा आणि आपल्यामागून कोण येत आहे ते पाहावे. जे मागे आहेत त्यांनी खालच्या पायऱ्यांना कंटाळू नये. त्या जवळजवळ असतात. चार दिवस नेटाने चालले म्हणजे भराभर मागे पडतात. आणि ज्यांना शिडी टाळून एकदम शेवटी बसावयाचे आहे, त्यांनी तो प्रयोग एक सायंकाळ अवश्य करून पाहावा. तिसऱ्या दिवशी वही उघडावीशी वाटते का, एवढे मात्र प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे.